पुष्परचनाकाराचा विसावा

या व्याख्यानाचा विषय कळला तेव्हा माझे एक स्नेही हसून म्हणाले, "हलवायाला गोडाचे जेवण घालायला निघालात की काय? ज्याचा सारा दिवस फुलांत जातो, त्याला विश्रांती द्यायची तर फुलांपासून दूर न्या. त्याला रानात नेऊन पुन्हा फुलेच कशाला दाखवता?" आक्षेप सरळ आहे, आणि आजच्या विषयाचा गाभाच त्यात आहे. पुष्परचनेच्या व्यवसायातला माणूस दिवसभर फुलांत असतो हे खरे. पण तो झाडांत नसतो. या दोन गोष्टींत किती अंतर पडले आहे, हे आपण बाजारात गेल्यावाचून ध्यानात येत नाही.

पहाटे चारच्या सुमाराला दादरच्या किंवा पुण्यात गुलटेकडीच्या फुलबाजारात जाऊन पाहावे. झेंडू आणि शेवंतीची पोती व क्रेट उतरत असतात. निशिगंध किलोवर जातो. जरबेरा दहादहाच्या जुडीने आणि "डच गुलाब" म्हणून ओळखला जाणारा लांब दांड्याचा गुलाब वीसवीसच्या बंडलाने येतो. मांडव सजविणारा डेकोरेटर तेथे भाव करतो, माल टेम्पोत टाकतो आणि कार्यालयात येतो. दिवसभर काप, सोल, टोच, बांध. संध्याकाळी मंडळी येतात, छायाचित्रे निघतात, आणि रात्री बाराला तीच रचना उपटून पोत्यात भरायची, कारण सकाळी दुसऱ्याचे कार्य आहे. लग्नाचा मुहूर्त पुढे ढकलता येत नाही आणि फूल आठवडाभर आधी लावून ठेवता येत नाही. या दोन अटींच्या मध्ये हा माणूस जन्मभर सापडलेला असतो. त्यात हात सदा ओले, पाय उभे, आणि बोटांना काटे. आल्स्ट्रोमेरियासारख्या फुलाच्या चिकाने बोटांची कातडी फुटते, हे या धंद्यातले जुने दुखणे आहे. बेल्जियममध्ये काही वर्षांपूर्वी संशोधकांनी फूलविक्रेत्यांना सुती हातमोजे घालून काम करावयास सांगितले. त्या मोज्यांवर शंभराहून अधिक कीटकनाशकांचे व बुरशीनाशकांचे अंश आढळले. आपण ज्याला नाजूक व्यवसाय म्हणतो, तो असा आहे.

परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. मावळात तळेगाव दाभाड्याच्या आसपास पॉलिहाऊसमध्ये जो गुलाब होतो आणि १४ फेब्रुवारीच्या सुमाराला परदेशी जातो, त्याचा प्रवास पाहा. कळी अर्धवट मिटलेली असतानाच तो कापतात, लगेच पाण्यात ठेवतात, मग दोन ते चार अंश तापमानाच्या शीतगृहात. दांड्याच्या लांबीवर प्रत ठरते: चाळीस सेंटिमीटरचा वेगळा, पन्नासचा वेगळा, साठचा वेगळा. वाकडा दांडा बाद. केनियातल्या नैवाशा सरोवराकाठचा गुलाबही याच रीतीने विमानात बसतो आणि हॉलंडात आल्समीरच्या लिलावाला जातो. तेथे भाव खालून वर चढत नाही, वरून खाली उतरतो आणि जो प्रथम कळ दाबील त्याला माल मिळतो. या साऱ्या प्रवासाच्या शेवटी रचनाकाराच्या हाती काय येते? एक सरळ काठी आणि तिच्या टोकाला एक कळी. झाड कोठे होते, ऊन कोणत्या बाजूने येत होते, फांदी कशी वळली होती, शेजारी कोणते गवत होते, यांतले काहीएक त्या काठीबरोबर येत नाही. वीस वर्षे रोज गुलाब हाताळून गुलाबाचे झुडूप नीट न पाहिलेली माणसे या व्यवसायात आहेत. तो त्यांचा दोष नव्हे. धंद्याची घडीच तशी बसली आहे.

आता, गेल्या काही वर्षांत इंग्लंड, अमेरिका, इटली अशा देशांत या मंडळींसाठी एक प्रथा रूढ झाली आहे. आठदहा पुष्परचनाकार तीनचार दिवसांसाठी एखाद्या शेतावर, डोंगराच्या कुशीत किंवा समुद्राकाठी एकत्र राहतात. कोणाचे कार्य नाही, गिऱ्हाईक नाही. हिंडायचे, पाहायचे, आपल्यासाठी म्हणून काही रचायचे. इंग्रजीत याला "रिट्रीट" म्हणतात. मराठीत काय म्हणावे? "शिबीर" म्हटले की शिट्टी ऐकू येते. "एकांतवास" म्हणावे, तर तेथे दहा माणसे असतात आणि ती बोलतात पुष्कळ. मला आपल्या वारीतला "विसावा" हा शब्द बरा वाटतो. पालखीच्या वाटेवर विसाव्याची ठिकाणे ठरलेली असतात. तेथे थांबणारा वारकरी वारी सोडून घरी निघालेला नसतो. पुढची वाट चालता यावी एवढ्याचसाठी तो थांबलेला असतो.

अशा विसाव्याने थकवा खरोखर जातो काय, याचा विचार मानसशास्त्राने केला आहे. मिशिगन विद्यापीठातील रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याने १९८९ साली आपल्या ग्रंथात असे मांडले, की ठरवून, जोर लावून दिलेले लक्ष ही खर्च होणारी वस्तू आहे. हिशेब करताना, वाहन हाकताना, दहा मिनिटांत शंभर दांडे एका लांबीचे कापताना ती खर्च होते. उलट वाऱ्याने हलणारे गवत, वाहते पाणी, ढगांच्या सावल्या यांकडे लक्ष आपसूक जाते. त्यासाठी जोर लागत नाही, आणि तेवढ्या वेळात पहिली शक्ती पुन्हा भरून येते. त्याआधी १९८४ साली रॉजर उल्रिक यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासून दाखविले होते, की पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते रोगी विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर घरी गेले. रोगी अवघे शेहेचाळीस होते, तेव्हा यावर फार मोठी इमारत उभारू नये. जपानच्या वनविभागाने १९८२ साली "शिनरिन-योकू", म्हणजे वनस्नान, हा शब्द प्रचारात आणला, त्याचाही रोख हाच होता.

पण रानात गेल्याने कारकुनालाही बरे वाटते आणि वकिलालाही. पुष्परचनाकाराचा लाभ याहून निराळा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर जपानमध्येच थोडे थांबावे लागेल. कारण फुले मांडणाऱ्याने फूल उगवते तेथे जाऊन पाहिलेच पाहिजे, हा विचार तेथे शतकानुशतके शिस्तीने जोपासला गेला.

क्योटो शहरात रोक्काकुदो नावाचे एक षट्कोनी बौद्ध मंदिर आहे. तेथील पुजारी तळ्याकाठच्या कुटीत राहत आणि बुद्धापुढे फुले मांडीत. तळ्याकाठची कुटी, म्हणजे "इकेनोबो". हेच पुढे इकेबानाच्या सर्वांत जुन्या परंपरेचे नाव झाले. सेन्केई नावाच्या पुजाऱ्याच्या रचनेचा उल्लेख १४६२ सालच्या लेखी नोंदीत सापडतो. पुढे सोळाव्या शतकात याच घराण्यातील सेन्नो याने या कलेचे मर्म लिहून ठेवले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की नुसते सुंदर फूल तोडून भांड्यात ठेवणे ही जुनी रीत झाली. आपण डोंगरात आणि पाण्याकाठी वनस्पती जशी वाढते, तिचा भाव आणावा, आणि त्यासाठी वाळकी फांदीदेखील त्याज्य मानू नये. या परंपरेत "शुस्शो" असा एक शब्द आहे. शब्दशः अर्थ "जन्म". पण अभिप्रेत आहे तो वनस्पतीचा उपजत स्वभाव, म्हणजे ती कोठे उगवली, उन्हाकडे कशी झुकली, थंडीवाऱ्यात कशी टिकली. पानाची उन्हाकडची बाजू कोणती आणि सावलीची कोणती, हे ओळखल्याशिवाय तेथे पान लावीत नाहीत.

याचे एक उदाहरण मला फार आवडते. काकित्सुबाता नावाचा पाणथळीत वाढणारा जांभळा आयरिस आहे. त्याची रचना करताना वसंतात फूल पानांपेक्षा खाली ठेवतात आणि उन्हाळ्यात पानांच्या वर. ही कोणा गुरूची लहर नव्हे. वसंतात फुलाचा दांडा अजून वाढलेला नसतो, म्हणून फूल पानांत दडलेले दिसते. ऊन वाढते तसा दांडा वर चढतो. फूल तेच, भांडे तेच. पण चार बोटे वरखाली केल्याने पाहणाऱ्याला महिना कळतो. आता हे ज्ञान दुकानात कसे मिळणार? दुकानात सगळे दांडे एका लांबीचे! त्यासाठी तळ्याच्या काठावर, चिखलात, एकदा वसंतात आणि एकदा उन्हाळ्यात जाऊन उभेच राहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओहारा उनशिन याने उथळ, पसरट भांड्यात फुले मांडण्याची "मोरिबाना" पद्धत काढली. शिशाच्या बैठकीवर पितळी सुया रोवलेला जो पिनहोल्डर आपल्याकडे पुष्परचनेच्या वर्गात जाणाऱ्या गृहिणींना परिचित आहे, त्याचा प्रसार या पद्धतीबरोबर झाला. ओहारा पंथात तर भांड्यात सबंध निसर्गदृश्य उभे करण्याचा प्रकार आहे. ज्याने दलदल पाहिली नाही, तो भांड्यात दलदल काय मांडणार?

मात्र निसर्गाचे निरीक्षण म्हणजे निसर्गाची नक्कल नव्हे. चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) याचा उपदेश प्रसिद्ध आहे: फुले माळरानावर असतात तशी मांडावीत. त्याच रिक्यूची एक आख्यायिकाही सांगतात. त्याच्या बागेतील नीलपुष्पीच्या फुलांची कीर्ती ऐकून हिदेयोशी हा सत्ताधीश एके सकाळी ती पाहावयास आला. येऊन पाहतो तो बागेत एकही फूल नाही! रागावून तो चहाच्या खोलीत शिरला, तेव्हा अंधाऱ्या कोनाड्यात दवाने भिजलेले एकच फूल ठेवलेले त्याला दिसले. फूल माळावर असते तसे दाखविण्यासाठी रिक्यूने सारी बाग खुडून टाकली, ही यातली गंमत. मला तर त्या बागेची थोडी कणवच येते. परंतु रिक्यूचे म्हणणे कळते. त्याला माळावरचे दृश्य उचलून आणायचे नव्हते. माळावर पहाटे एका फुलापाशी माणूस जसा थबकतो, ते थबकणे खोलीत आणायचे होते. आधी स्वतः तसे थबकल्याशिवाय ते दुसऱ्याला देता येत नाही, आणि बाजारात थबकायला सवड नसते.

युरोपात हीच वाट एका इंग्रज बाईने वेगळ्या तऱ्हेने धरली. कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) या मूळच्या शिक्षिका. लंडनच्या पूर्व भागातील कामकरी मुलींच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका होत्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी फुलांचे दुकान काढले, आणि लंडनमधील एका अत्तराच्या दुकानाच्या काचेच्या खिडकीत कुंपणावरच्या रानवेली व रानफुले मांडून गर्दी जमविली. केल नावाच्या कोबीच्या भाऊबंदाची पाने त्यांनी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नेली. १९५३ साली राणीच्या राज्याभिषेकाच्या वेळी फुलांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. कोणतीही गोष्ट रचनेत बसू शकते, ही त्यांची दृष्टी शेताच्या बांधावर हिंडून आलेली होती.

तर अशा विसाव्यात प्रत्यक्ष करतात काय? चांगल्या ठिकाणी पहिला दिवस कात्री बाहेर काढू देत नाहीत. हे ऐकायला सोपे आहे. ज्याचा हात वीस वर्षे फूल दिसले की कापायला उठतो, त्याला फार कठीण जाते. हातभर जमिनीचा तुकडा निवडून तासभर तेवढाच पाहावयाचा, एकाच झाडाचे कोंब, कळी, फूल, बोंड, वाळके देठ असे क्रमाने चित्र काढावयाचे, असे पाठ देतात. दुसऱ्या दिवशी गळलेले, मोडलेले, वाऱ्याने पडलेले तेवढेच वेचून रचना करावयाची. ती तेथेच ठेवून द्यायची. पावसाने मोडली तर मोडली. मांडवातील रचना रात्री उपटताना होणारे दुःख आणि ही रचना आपोआप मातीत जाताना पाहणे यांत फरक आहे, असे या मंडळींकडून ऐकू येते. रात्री गप्पांत मात्र पैशाच्याच गोष्टी निघतात: कोणाचे बिल बुडाले, स्वतःची मजुरी बिलात लावायची कशी राहून जाते, जागरणे किती. मला हा भागही विसाव्याइतकाच औषधी वाटतो. एकट्याने दुकान चालविणाऱ्याला आपले दुखणे आपल्या एकट्याचेच आहे असे वाटत असते.

येथेच एका हिरव्या विटेविषयी सांगितले पाहिजे. फुले खोचण्यासाठी जो पाणी पिणारा हिरवा फोम वापरतात, तो १९५४ साली अमेरिकेत निघाला. आपले डेकोरेटर त्याला "ओअ‍ॅसिस" या त्याच्या व्यापारी नावानेच ओळखतात. सोय मोठी: दांडा खोचला की हवा तसा उभा राहतो. पण ते फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइडपासून केलेले प्लॅस्टिक आहे. कुजत नाही, चुरा होऊन पाण्यात व मातीत जाते. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला मनाई केली. विसाव्यात फोम नेत नाहीत, आणि मग हात अडतो. दांडा उभा कसा करायचा? कोणी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी चुरगळून भांड्यात घालतो (स्प्रायबाईही तेच करीत), कोणी जपान्यांप्रमाणे दुबेळक्याची काडी भांड्याच्या तोंडात ताणून बसवितो. बहुधा ध्यानात असे येते, की फांदीला तिच्या स्वभावाप्रमाणे टेकू दिले तर तिला आधार फार थोडा लागतो. फोममध्ये आपण दांड्याला हवे तेथे उभा करीत होतो. येथे त्याला कोठे जायचे आहे ते आधी पाहावे लागते. व्यवसायातली एवढी मोठी सुधारणा उपदेशाने होत नाही, हात अडल्याने होते.

आपल्या महाराष्ट्रात अशा विसाव्याला जागा शोधावयास नको. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर कास पठार आहे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले. जांभ्या खडकावर मातीचा थर इंच-दोन इंच, आणि त्यावर श्रावण-भाद्रपदात तेरडा, गेंद, सीतेची आसवे यांचे ताटवे. पुष्परचनाकाराने तेथे रंगांची वाटणी पाहावी. कोणीही आखलेले नसताना पाणी साचते तेथे गेंदाचे पांढरे ठिपके आणि त्यांत सीतेच्या आसवांची जांभळी छटा. उतारावर तेरड्याचा गुलाबी. रंग एकमेकांत शिरतात ते पाण्याच्या रेषेने. आणि त्या नाजूक जांभळ्या फुलाखाली सूक्ष्म जीव धरणाऱ्या पिशव्या आहेत, कारण त्या मातीत पोटाला पुरेसे मिळत नाही! टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. तिच्यासाठी मुहूर्त आपण काढायचा नाही, तिने काढलेला पाळायचा. कासला फूल तोडण्यास बंदी आहे, पाहुण्यांची संख्याही ठरवून दिलेली आहे. काहींना हे जाचक वाटते. पुष्परचनाकाराला मात्र कात्री खिशात ठेवायला लावणारा याहून चांगला गुरू मिळायचा नाही.

वस्तुतः आपल्याकडे रानाशी हात जोडणारी एक साधी रीत होतीच. मंगळागौरीची, गणपतीची पत्री घरच्या माणसांनी पहाटे हिंडून आणावयाची. आघाडा कोणता, माका कोणता, दूर्वा कोठे कोवळ्या असतात, हे त्या निमित्ताने पोरांना कळे. आता पत्री बाजारात जुडी बांधून मिळते, आणि ती रानातून खुडून आणणाऱ्या आदिवासी बाया दादरच्या पदपथावर रात्र काढतात. हे सांगताना माझ्या विषयातली एक अडचण मला जाणवते. विसाव्याची फी भरणारे रचनाकार हे या धंद्याच्या वरच्या पायरीवरचे. दिवसभर गजरे ओवणाऱ्या बाईला, मंडईत पोती वाहणाऱ्याला कोण विसाव्याला नेणार? तिची बोटेही तितकीच ओली आणि डोळे तितकेच शिणलेले असतात. या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही; पण म्हणून ज्याला जाणे शक्य आहे त्याने जाऊ नये, असेही मी म्हणणार नाही. तीन दिवस आणि दूरचा डोंगर पाहिजेच असे नाही. पुण्याच्या माणसाला तळजाई आहे, साताऱ्याच्या माणसाला यवतेश्वर. आणि ज्या शेतातून आपला माल येतो ते शेत तर आहेच.

माझ्या ओळखीचे एक डेकोरेटर बावीस वर्षे या धंद्यात आहेत. टनावारी निशिगंध त्यांनी बांधला असेल. झाड कधी पाहिले नव्हते. गेल्या पावसाळ्याअखेर एका सुट्टीच्या दिवशी ते सोलापूर रस्त्याने यवतच्या बाजूला एका शेतकऱ्याकडे गेले आणि संध्याकाळपर्यंत बांधावर बसून राहिले. निशिगंधाची दांडी खालून वर उमलत जाते. खालचे फूल सुकत असते तेव्हा शेंड्याला हिरव्या कळ्याच असतात. कोणतीही दोन दांडे एका उंचीचे नव्हते. अंधार पडू लागला तसा वास वाढला, आणि शेतकऱ्याच्या बायकोने विचारले, "दादा, काही हरवलंय का तुमचं?"

पुढच्या लग्नात त्यांनी व्यासपीठाच्या एका बाजूला निशिगंध वाफ्यात असतो तसा लावला: उंच-ठेंगणा, काही दांडे अर्धे उमललेले, काही नुसत्या कळीचे. वधूपिता येऊन बराच वेळ पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "फुलं कमी पडली का हो?"

"कमी नाहीत काका," ते म्हणाले, "रात्रीपर्यंत उमलतील."

वधूपित्याने मान डोलावली, आणि तरीही झेंडूच्या दोन माळा वर लावून घेतल्या.